शाळेच्या फाटकापासून ५० मीटर : एका गल्लीच्या अन्नपरिसराचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावरील एका वस्तीतली एक गल्ली, तिच्या तोंडाशी असलेली शाळा आणि सकाळी सहा ते सात या एका तासात तिथल्या मुलांच्या हाती पडणारे खाणे, एवढाच या अभ्यासाचा आवाका आहे. वस्तीचे, शाळेचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. गल्ली इतकी अरुंद आहे की नुसता व्यवसाय सांगितला तरी घर ओळखू येते, म्हणून काही खुणा गाळल्याही आहेत.

मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य शिकवते. विद्यापीठात जागतिक आरोग्य आणि समुदायाचा अन्नपरिसर या विषयावर व्याख्याने झाली. ती ऐकून माझ्या गटातल्या सहा विद्यार्थ्यांनी व्याख्यानात ऐकलेले सारे आपल्याच शहरात, एका गल्लीपुरते, पडताळून पाहायचे ठरवले. या कामात आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत आमच्यापैकी कोणी नव्हे, तर एका पेरूवाल्या काकांनी मोजली. ही नोंद सविस्तर लिहिण्यामागे ते एक मोठे कारण आहे.

व्याख्यानांतून काय हाती आले

माणूस काय खायचे ते ज्या परिस्थितीत ठरवतो ती सगळी परिस्थिती म्हणजे त्याचा अन्नपरिसर. जवळपास काय मिळते, कितीला मिळते, कोण विकते, जाहिरात कशाची होते हे त्यात येतेच. शिवाय ते आणायला, शिजवायला आणि निवांत बसून खायला त्या माणसापाशी वेळ, पैसा आणि मुभा किती आहे, हेही येते. जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने २०१७ च्या अहवालात या संकल्पनेला ठळक स्थान दिले आणि पुढच्या वर्षी अभ्यासकांनी तिचे बाहेरचा आणि व्यक्तीचा असे दोन भाग पाडले. आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात त्यातला पहिला भाग अधिक ठसला, कारण तो नकाशावर काढता येतो.

व्याख्यानांत जगभरची उदाहरणे आली. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि त्या पेयांची खरेदी घटली. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि असे पदार्थ शाळांतून हद्दपार केले. लंडनमध्ये २०१९ पासून भुयारी रेल्वे आणि बसगाड्यांवर अशा पदार्थांच्या जाहिरातींना बंदी आली. ज्या भागात ताजे अन्न परवडेल अशा दराने जवळपास मिळतच नाही त्याला ‘अन्नवाळवंट’ म्हणण्याची रीत १९९० च्या दशकात स्कॉटलंडमधून पसरली, हेही तिथेच कळले. फिलाडेल्फियाच्या एका अभ्यासाचाही उल्लेख झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. गरीब वस्तीत नवे सुपरमार्केट उघडल्यावर ‘आता भाजी-फळे सहज मिळतात’ असे तिथले लोक सांगू लागले, पण त्यांच्या खाण्यातली भाजी-फळे काही वाढली नाहीत. हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हाला गल्लीत गेल्यावर, आणि तोही उशिरा, कळला.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आपल्याच जिल्ह्यातला भाग. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी दिसत होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी पडत होते ते स्नायू. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच सहा गावांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणात आईने एकूण किती उष्मांक घेतले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी मात्र स्पष्ट दिसला.

पुण्याला ताटातले अन्न मोजण्याची जुनी सवय आहे. गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा ठरवताना माणशी रोज २,२५० उष्मांकांचा आधार घेतला. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली, की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीवरून भुकेल्यांची संख्या काढणे चुकीचे आहे. तो वाद पुढे बरीच वर्षे चालला आणि त्यातले दोन्ही पक्ष मला आदरणीय वाटतात. आमच्या गल्लीत आम्हाला सहा गावांच्या अभ्यासाचा प्रश्न अधिक जवळचा होता. पुढे दहा-बारा वर्षांनी आई होणारी मुलगी आज सकाळी काय खाते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. सहावी-सातवीतल्या मुली त्या वयोगटाच्या उंबरठ्यावर उभ्या असतात.

नकाशा आणि अर्ज

विद्यार्थ्यांनी गल्लीचा नकाशा काढला. भाजी, फळे, दूध, अंडी, शेंगा-फुटाणे मिळतात तिथे हिरवी खूण. पाकिटातले खारवलेले पदार्थ, गोड पेये, तळण आणि बेकरीचा माल मिळतो तिथे लाल खूण. दोन दिवस फिरून झाल्यावर पहिला समज गळून पडला. गल्लीला वाळवंट म्हणण्यासारखी स्थिती नव्हती. भाजीच्या दोन हातगाड्या, अंड्यांचे दुकान, दुधाचा रतीब, शाळेच्या फाटकासमोर पेरू, काकडी, आवळे आणि चिंचा घेऊन उभे राहणारे काका, असे सगळे शंभर पावलांत होते. लाल खुणा मात्र हिरव्यांहून बऱ्याच जास्त होत्या. किराणा दुकानाच्या दारावर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा अशा लोंबत होत्या की मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नव्हते.

आमच्यापुढे कायदा तयार होता. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार संपृक्त चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. विद्यार्थ्यांनी फाटकापासून टेप धरून मोजले. किराणा दुकान त्या मर्यादेच्या आत होते. त्यांनी अर्ज लिहिला, मी तो वाचला आणि त्यावर सही केली. अर्जातले मुख्य वाक्य असे होते : ‘शाळेच्या फाटकासमोर ५० मीटरच्या आत चालणारी अपायकारक खाद्यपदार्थांची विक्री तातडीने थांबवावी.’

काही आठवड्यांनी एके सकाळी महापालिकेची गाडी आली. पेरूवाल्या काकांची हातगाडी, तिच्यावरचा वजनकाटा आणि आवळ्यांची पाटी उचलून नेण्यात आली. किराणा दुकानाला कोणी हात लावला नाही. ते पक्क्या बांधकामात होते, त्याला परवाना होता आणि ‘फाटकासमोर’ या शब्दाचा अर्थ रस्त्यावर उभा असलेला विक्रेता असाच घेतला गेला. आमच्या अर्जात कोणता पदार्थ थांबवायचा आणि कोणता राहू द्यायचा हे लिहिलेच नव्हते. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो कायदा अर्ज लिहिण्याआधी मी विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा होता. अन्नसुरक्षेचा कायदा आम्ही वाचला आणि ज्याच्या पोटावर तो पडू शकतो त्याचा वाचला नाही, ही चूक माझी आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मुले फाटकापाशी आली, तेव्हा रस्त्यावर काहीच नव्हते. ती सरळ किराणा दुकानात गेली.

हा नकाशा किती वाजताचा?

काकांची माफी मागायला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या शेजारी राहणाऱ्या भाजीवाल्या मावशी दारातच बसल्या होत्या. एका विद्यार्थिनीने काय झाले ते सांगितले आणि सोबत आणलेला नकाशा उलगडून दाखवला. मावशींनी तो मांडीवर घेतला, गल्ली ओळखली, स्वतःचे घरही ओळखले. मग हिरव्या खुणांवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, “हा नकाशा किती वाजताचा काढलाय गं?”

“अकरा-साडेअकराचा, मावशी.”

“अकराला इथं असतंय कोण? बायका कामावर, पोरं शाळेत. गाडीवाले येतात ते वरच्या बिल्डिंगीतल्या बायकांसाठी. मी स्वतः सहाला पाटी घेऊन इथनंच जाते. पण सहाला मेथीची जुडी घेऊन ती निवडणार कोण?”

आम्ही अकरा वाजता गेलो होतो, कारण ती वेळ आमच्या सोयीची होती. त्यानंतर विद्यार्थी पहाटे साडेपाचपासून गल्लीत बसू लागले आणि मग जे दिसले ते आधीच्या नकाशात कुठेच नव्हते.

मावशी चार वाजता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचतात, चौघी-पाचजणी मिळून टेम्पो करतात आणि सहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी उतरतात. त्यांच्या पाटीत त्या वेळी शहरातली सर्वांत ताजी पालेभाजी असते, आणि ती पाटी गल्लीतून न थांबता सहकारनगरच्या दिशेने जाते. त्याच वेळी गल्लीत नळाला पाणी आलेले असते. एकेका नळावर सात-आठ हंडे रांगेत असतात. घरकामाला जाणाऱ्या बायकांना साडेसहाला निघायचे असते, कारण पहिल्या घरी सातला धुणे-भांडी सुरू होतात. पाणी भरणे, नवऱ्याचा डबा, स्वतःची वेणी, धाकट्याला उठवणे या सगळ्यात एक जुडी निवडायला लागणारी वीस मिनिटे कुठूनही निघत नाहीत. याच बायका संध्याकाळी सातनंतर भाजी घेतात. तेव्हा हातगाडीवर दिवसभर उन्हात राहिलेला माल असतो आणि दहा रुपयांना वाटा मिळतो. वाट्यात टोमॅटो, वांगी, कोबीचा अर्धा गड्डा असतो. पालेभाजी तोवर कोमेजून गेलेली असते. म्हणजे अंतर शून्य असूनही पालेभाजी आणि घर यांची गाठ पडत नव्हती.

ज्या घरात आम्हाला सर्वांत जास्त वेळ बसू दिले, तिथली मुलगी सहावीत आहे आणि भाऊ तिसरीत. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असा शासनाचा निर्णय झाला. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. या घरात मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की बहीण सातला शाळेत आणि भाऊ नऊपर्यंत शेजारणीकडे. आई निघताना दोघांना चहा-खारी देते आणि मुलीच्या हातात दहा रुपये ठेवते. हे दहा रुपये उधळपट्टी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. आपण घरी नसू, याबद्दल आईने मुलांना दिलेले ते काहीतरी आहे.

मुलगी दुकानातून दोन पाकिटे घेते. एक भावाला. दुसऱ्याचा कोपरा ती दाताने फाडते, चार-पाच तुकडे भावाच्या तळहातावर आणखी ठेवते, चार स्वतः खाते, मग पाकिटाची कड दोनदा दुमडून ते दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. “सुटीत खाणार,” ती म्हणाली. सुटीत शाळेत खिचडी मिळते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पोषण आहाराच्या निकषात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. ही खिचडी तिला मिळते दहाच्या सुमारास. आदल्या रात्री आठला जेवलेल्या मुलीच्या पोटात चौदा तासांत चहा, खारी आणि मूठभर खारवलेले तुकडे एवढेच गेलेले असते. त्यातून चहा असा आहे की सोबत खाल्लेल्या वनस्पतिजन्य अन्नातले लोह तो शरीरात नीट शोषू देत नाही.

वेळेचा हा मुद्दा पुण्यातल्या जुन्या माणसांना नवा वाटणार नाही. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालाला ओझी वाहण्याच्या मधल्या वेळात, कामाच्या जागेजवळ, परवडेल अशी गरम भाकरी आणि झुणका मिळावा, एवढे साधे आणि अचूक गणित त्यामागे होते. राज्य शासनाची दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची वेळ दुपारी बारा ते दोन होती. आमच्या गल्लीतल्या बायका त्या वेळी तिसऱ्या घरची भांडी घासत असतात.

पाकिटामागचा हिशेब

किराणा दुकानदाराशी बोलायचे आम्ही टाळत होतो. त्याच्याविरुद्ध अर्ज केल्यामुळे संकोच होता. शेवटी तोच बोलला, आणि त्याने जे सांगितले ते कोणत्याही व्याख्यानात इतके स्वच्छ ऐकले नव्हते. पाकिटांचा टेम्पो आठवड्यातून दोनदा दारात येतो. माल टांगायची पट्टी फुकट मिळते. मुदत संपलेली पाकिटे बदलून मिळतात. पैसे पुढच्या फेरीला दिले तरी चालतात. “केळी ठेवली होती मी,” तो म्हणाला, “अर्धा डझन काळी पडली की गेला त्या दिवसाचा नफा. ती परत घ्यायला कोण येतंय?”

नासाडी कोणाच्या अंगावर पडते, या एका प्रश्नात या गल्लीचा बराचसा अन्नपरिसर सामावलेला आहे. पाकीट विकणाऱ्याच्या मागे माल परत घेणारी साखळी उभी आहे. मावशींच्या मागे कोणी नाही. दुपारपर्यंत न विकलेली मेथी त्यांच्याच घरी शिजते किंवा फेकली जाते. म्हणून त्या पाटी घेऊन थेट तिथे जातात जिथे सकाळी आठला पन्नास रुपयांची भाजी एका दमात घेणारे गिऱ्हाईक आहे. त्यांनी गल्लीत थांबावे असे सांगणे म्हणजे त्यांना तोटा सोसायला सांगणे होते. दुकानदाराकडे उधारीचे खातेही आहे. महिनाअखेर हातात पैसे नसतील तेव्हा त्या वहीवर साखर मिळते, तेल मिळते आणि मुलांना पाकीटही मिळते. हातगाडीवर वही नसते.

ओट्यावरचे हरभरे

पुढची कल्पना आमची नव्हती. बचत गटातल्या एका बाईंनी, ज्या पूर्वी पोळीभाजीचे डबे करत, सांगितले की सहाला कच्ची भाजी विकण्यापेक्षा शिजलेले काहीतरी द्यावे. रात्री भिजवलेले काळे हरभरे पहाटे कुकरला लावायचे, मीठ-हळद, वरून कांदा आणि लिंबू. नळाजवळच्या मारुतीच्या देवळाचा ओटा पाणी भरणाऱ्या सगळ्यांच्या वाटेवर आहे; तिथे सव्वासहा ते सात बसायचे. प्रत्येकाने आपली वाटी आणायची. वाटीभर पाच रुपये, म्हणजे पाकिटाएवढेच.

त्यांचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. एक किलो हरभरे नव्वद रुपये. गॅस, कांदा, लिंबू मिळून चाळीस. शिजल्यावर साधारण दोन किलोच्या थोडे वर भरतात आणि त्यात तीस वाट्या होतात. दीडशे रुपये येतात, वीस सुटतात. एका वाटीत साधारण ३३ ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, शिवाय लोह आणि चोथा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते लोह अधिक शोषले जाते. पेरूमध्ये हेच जीवनसत्त्व शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. हरभऱ्याच्या वाटीशेजारी पेरूची फोड असती तर आहारशास्त्राला याहून चांगले काही सुचवता आले नसते. पेरूवाली हातगाडी मात्र तेव्हा जप्तीत होती, आणि ती आमच्याच अर्जामुळे.

लहान खाद्यविक्रेत्यांसाठी तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत अन्नसुरक्षा नोंदणी होत होती. ती विद्यार्थ्यांनी त्यांना काढून दिली. पहिल्या आठवड्यात किलोभर हरभरे साडेसहाच्या आत संपले. गिऱ्हाइकांत मुलांपेक्षा कामावर निघालेल्या बायकाच जास्त होत्या, आणि याचा अंदाज आमच्यापैकी कोणालाही आला नव्हता. हंडा खाली ठेवून, उभ्यानेच, त्या चार घास खात आणि उरलेली वाटी मुलीच्या हाती देत. त्यातली एक मला म्हणाली, “बाई, चहाशिवाय काही पोटात घालून घराबाहेर पडायची सवयच गेली होती.” मुलांचे खाणे मोजायला गेलेल्या आम्ही आयांचे खाणे विचारलेच नव्हते.

यातून पाकिटे बंद झाली असे मी म्हणणार नाही. सहावीतली ती मुलगी आता सकाळी वाटी घेते आणि पाकीट दुपारी घेते. तिच्या भावाला हरभरे आवडत नाहीत. तो लिंबाचा रस चाटतो आणि दाणे बहिणीला देतो. पावसाळ्यात ओटा भिजला तेव्हा चार दिवस काहीच झाले नाही, मग कोणीतरी निळा प्लास्टिकचा कागद बांधला. हरभरे करणाऱ्या बाई गावी गेल्या तेव्हा दहा दिवस खंड पडला, कारण पहाटे साडेतीनला उठून वीस रुपयांसाठी कुकर लावायला दुसरी कोणी तयार झाली नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांच्या श्रमाचे मोल त्या हिशेबात कुठेच धरलेले नव्हते. मी ते विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवले : तीन तास काम, वीस रुपये. पाकिटाच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला त्याचा वाटा मिळतो, म्हणून ती पावसातही चालते. वाटीभर हरभरे टिकायचे असतील तर त्यातही कोणीतरी मजुरी घातली पाहिजे, मग ती शाळेच्या पोषण आहारातून येवो की वॉर्डाच्या निधीतून. सहा वाजताचा नाश्ता हा शालेय पोषणाचाच भाग मानावा, अशी लेखी मागणी गटातल्या बायकांनी स्वतः केली आहे. तिचा मसुदा त्यांनी सांगितला, आम्ही फक्त लिहून घेतला. आणि या वेळी प्रत्येक शब्दाने कोणाकोणावर काय परिणाम होऊ शकतो हे विचारून मगच तो शब्द ठेवला.

पेरूवाल्या काकांची गाडी दंड भरून सुटली. दंडाची रक्कम आम्ही भरली. त्या तीन आठवड्यांत बुडालेली त्यांची कमाई आणि नासलेले आवळे भरून देण्याचा आमचा आग्रह त्यांनी मानला नाही. विक्री प्रमाणपत्रासाठी त्यांनी शहर फेरीवाला समितीकडे अर्ज केला आहे. सोबत आमचे दुसरे पत्रही जोडले आहे : ५० मीटरचा नियम साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेल्या पदार्थांसाठी आहे, पेरू, काकडी, आवळा आणि शेंगा विकणाऱ्याला त्या नियमाच्या नावाने हटवता येत नाही, उलट अशा विक्रेत्याला शाळेजवळ जागा ठरवून द्यावी, असे त्यात लिहिले आहे. सध्या ते फाटकापासून बरेच लांब, चढावर उभे राहतात. मधल्या सुटीत तिथवर जाऊन परत येणे मुलांना जमत नाही.

विद्यार्थ्यांनी आता एका नकाशाऐवजी तीन नकाशे काढले आहेत : सकाळी सहाचा, अकराचा आणि संध्याकाळी सातचा. व्याख्यानमालेच्या पुढच्या सत्रात ते मांडायचे ठरले, तेव्हा मावशींनी यावे अशी आम्ही विनंती केली. सत्र सकाळी अकराला होते. “अकराला माझा गल्ला असतो,” त्या म्हणाल्या. सत्र दुपारी साडेतीनला नेले, तेव्हा त्या आल्या. रिकामी पाटी सभागृहाच्या दाराशी उभी करून त्या पहिल्या रांगेत बसल्या. सहाच्या नकाशावर बराच वेळ बघून त्यांनी फाटकासमोरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि इथे पेरूवाले का नाहीत, असे विचारले. एका विद्यार्थ्याने पेन्सिलीने तिथे तुटक रेषेचे वर्तुळ काढले. काकांच्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.